घाटात बंद न पडणारं कार्ड

"हे घाटात बंद पडतं काय?" आण्णांनी विचारलं.

काउंटरपलीकडं वर्धमान शेटे उभे होते. कोल्हापूरच्या राजारामपुरीत त्यांचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान. नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं त्यांनी बघितली असतील, पण ग्राफिक्स कार्डाचा खोका हातात धरून घाटाची चौकशी करणारं हे पहिलंच असावं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आपली भिंतीवर टांगलेल्या माउसांकडं बघत राहिले.

"म्हणजे कसं काका?"

"म्हंजे कसं म्हंजे? मराठीतच विचारलं की. चढाला, वळणाला, मधीच बंद पडतं काय?"

"काका, हे कॉम्प्युटरमध्ये बसतं. बसमध्ये नाही."

"ते कळतंय मला. एवढा पण येडा न्हाई मी."

शेटे हसले. मलाही हसू येत होतं, पण आण्णांचा चेहरा बघून मी ते गिळलं. कितीतरी महिन्यांनी त्यांनी परक्या माणसाला आपण होऊन काही विचारलं होतं. ते घाटाचं विचारोत नाहीतर चंद्राचं, मला त्याचंच अप्रूप होतं.

आता त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील केरबा चौगले, एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर–कणकवली, गगनबावड्यावरून, करूळ घाटातून. उभी हयात त्या एका रस्त्यावर गेली. घरात आम्हाला कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत, पण गाडीचं नाव काढलं की गडी सुटायचाच. कुठल्या वळणाला कुठला गिअर, कुठल्या गावचा दूधवाला कुठं हात करतो, कुठल्या टपरीचा चहा गोड, सगळं ऐकावं लागायचं. आई म्हणायची, "ह्यांचं लग्न एसटीशी झालंय. मी आपली शिट नसलेली प्रवासी."

मग एक दिवस गाडीवर असतानाच छातीत कळ आली. देवाची कृपा, वेळेवर दवाखान्यात पोचले. नळी बसवली, माणूस वाचला. पण डॉक्टरांनी सांगितलं, आता जड वाहन चालवायचं नाही. डेपोत हलकं काम मिळालं. गेटजवळ खुर्ची टाकून बसायचं आणि आत घुसणाऱ्या रिक्षा अडवायच्या.

त्या खुर्चीनं आण्णांचं तोंड बंद केलं. घरी यायचे, जेवायचे, भिंतीकडं तोंड करून पडायचे. मी तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून घरूनच काम करायला लागले होते. समोर बसून विचारायची, "आण्णा, आज काय झालं डेपोत?" तर म्हणायचे, "काय व्हायचंय." एवढंच. आई रात्रंदिवस बडबड करणारी बाई, तीसुद्धा घाबरली. एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली, "सुले, दवाखान्यातनं माणूस आणलाय का नुसतं शरीर आणलंय गं आपण?" त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. आण्णांना बोलतं करायचं, बस्स.

युक्ती इरफाननं काढली. इरफान मुजावर हा माझा पॉलिटेक्निकपासूनचा दोस्त. आमचा लिनक्सवाल्यांचा एक कट्टा होता. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकट मिळणारी सिस्टीम. जगभरचे लोक मिळून ती बांधतात, आणि आमच्यासारखी हट्टी टाळकी दुसरी कुठली घरात येऊ देत नाहीत. इरफान म्हणाला, "अगं, बस चालवायचा गेम आहे. आपल्या लिनक्सवर झकास चालतो. आणि कणकवलीच्या एका पोरानं त्यात अख्खा करूळ घाट बनवलाय. वळणन् वळण, कठडेसुद्धा. माझ्याकडं स्टिअरिंग आहे, पायाची पेडलं पण आहेत. काकांना बसव."

आईला हे पसंत नव्हतं. "डाक्टर सांगतोय गाडीपासनं लांब ऱ्हावा, आणि तुम्ही घरात गाडी आणलासा," ती म्हणाली. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते हसून म्हणाले, "चालवू दे की, घरातल्या घरात किती वेगानं चालवणार?"

पण गाडी चालायला तर पाहिजे! माझा कॉम्प्युटर ऑफिसच्या कामापुरता. पत्रं, आकडे, ईमेल ह्याला तो वाघ. घाट समोर आला की फोटोंचा अल्बम उलटावा तशी बस टप्प्याटप्प्यानं पुढं सरकायची. आण्णांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, "हिचा पंप गेलाय." खरं तर माझ्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड नव्हतं. पडद्यावरचं चित्र भराभर रंगवायचं काम ते कार्ड करतं.

इरफाननं स्वतःचं जुनं कार्ड काढून आणलं. त्याचा खोका हिरवा. "हिरव्याचा नाद करायचा नाही," तो म्हणाला. "पळण्यात एक नंबर." फक्त एक गोष्ट होती. कार्डाला सिस्टीमशी बोलायला एक मधला प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हिरव्याचा ड्रायव्हर कंपनी देते. तो बाहेरून आणून सिस्टीममध्ये बसवायचा, आणि सिस्टीम बदलली की नव्यानं जुळवायचा. इरफाननं तो बसवला आणि आण्णांना खुर्चीत बसवलं.

आण्णांनी स्टिअरिंगला आधी हात जोडले, मग ते धरलं. पडद्यावर कोल्हापूरचा स्टँड, पुढं काच, काचेत रस्ता. इंजिन घरघरत होतं. पण बस जागची हलेना.

"काका, दाबा की ॲक्सिलेटर," इरफान म्हणाला.

"बेल?"

"कसली बेल?"

"कंडक्टरनं डबल दिल्याबिगर गाडी हलवायची असती व्हय रं?"

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. त्या गेममध्ये सगळं होतं, आरसे, वायपर, हॉर्न. कंडक्टर नव्हता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईनं पातेल्यावर उलथनं दोनदा हाणलं. टण् टण्! "घ्या डबल! निघा एकदाचं, म्हंजे मला भाकरी थापू देशीला!"

आणि बस निघाली. काय सांगू, आण्णांचा पाठीचा कणाच बदलला. कोल्हापूर मागं पडलं असेल नसेल तोवर बोलायला लागले. "हा बघ, हितं बैलं आडवी येत्यात... हितं डावीकडनं ऊसाची ट्रॉली घुसती, बघ घुसली का न्हाई!" ट्रॉली खरंच घुसली. कणकवलीच्या पोरानं कुणास ठाऊक कसं, पण ते टिपलं होतं. आई भाकरी टाकून दारात येऊन उभी राहिली. मला रडू येत होतं आणि मी ते शिंकेत दडवत होते.

गगनबावड्याला आण्णांनी बस स्टँडवर घेतली. "बावड्याला चहा," म्हणाले आणि उठून आत गेले. पुढं घाट होता. नियम म्हणजे नियम. बावड्याला चहा झाल्याशिवाय ही गाडी कधी घाटात उतरली नव्हती.

आणि इथं इरफाननं घात केला. आमच्या लिनक्सवाल्यांना एक व्यसन असतं. नवीन अपडेट आलंय असं दिसलं की हात शिवशिवतो. ते घेतल्याशिवाय घास गिळत नाही. "काकांचा चहा होईस्तोवर मारून टाकतो," म्हणाला. मी पण "मार" म्हटलं. सिस्टीम नवीन झाली, कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला, आणि हिरव्याचा ड्रायव्हर नव्या सिस्टीमला ओळखेना. पडदा काळा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, तेवढीच.

आण्णा मिशा पुसत आले. खुर्चीत बसले. स्टिअरिंग धरलं आणि त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिले.

"दोन मिनिटं काका," इरफान म्हणाला. घामानं त्याचा शर्ट भिजला होता.

दोन मिनिटांत काही झालं नाही. पुष्कळ वेळानंही झालं नाही. आण्णांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. मग हळू आवाजात म्हणाले, "प्रवासी खाली उतरवा."

आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. आम्ही दोघंही हसलो. आण्णा हसले नाहीत. उठले, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि बाहेर निघून गेले.

इरफाननं संध्याकाळपर्यंत सगळं ठीक केलं. घाट पुन्हा लखलखीत दिसायला लागला. पण आण्णा काही त्या खुर्चीकडं फिरकेनात. परत भिंत, परत "काय व्हायचंय". मी चिडले. आईजवळ बोललेही, "एवढ्याशा गोष्टीवरून काय रुसायचं ते! लहान पोर आहेत का?" आई म्हणाली, "रुसल्यात न्हाई गं. रुसलेलं माणूस मला कळतंय. हे दुसरंच काय तरी हाय."

असेच बरेच दिवस गेले. आता हा नाद सोडावा असं माझ्या मनात यायला लागलं होतं, आणि एका सकाळी आण्णा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "सुले, ते कार्ड कुठं मिळतंय? आपलं सोताचं घिऊया. मी पण येतो."

म्हणून आम्ही शेट्यांच्या दुकानात उभे होतो. इरफान पण होता, हिरव्याची वकिली करायला.

शेट्यांनी दोन खोके समोर मांडले. एक हिरवा, एक लाल. "ताई, तुमचं काम गेमचं असेल तर हिरवं घ्या," ते म्हणाले. "लाल पण चांगलंय, पण पळण्यात थोडं मागं पडतं."

"मी काय म्हणत होतो!" इरफान म्हणाला.

आण्णांनी लाल खोका उचलला, उलटा केला, वास घेतल्यासारखा नाकाजवळ नेला. "ह्याचा ड्रायव्हर कुठला?"

शेट्यांच्या दुकानात येणारी माणसं लिनक्स वापरत नव्हती, त्यामुळं हे त्यांना सांगता येईना. मीच सांगायला लागले. "आण्णा, लालवाल्यांनी आपला ड्रायव्हर सगळ्यांसाठी उघडा करून टाकलाय. तो आपल्या सिस्टीमच्या पोटातच असतो. सिस्टीम बदलली की तो पण तिच्याबरोबरच बदलतो. वेगळा आणून बसवावा लागत नाही."

"म्हंजे डेपोतलाच माणूस."

"तसंच म्हणा."

"आणि हिरव्याचा भाड्यानं आणलेला."

"काका, भाड्याचा असला तरी पैलवान आहे!" इरफान कळवळून म्हणाला. "लालवर तुम्हाला लांबचे डोंगर एवढे झकपक दिसायचे नाहीत. सेटिंग खाली करावी लागेल. झाडांची पानं कमी दिसतील."

"पानं मोजायला चाललोय व्हय मी?"

"आण्णा, इरफानचं पण खरं आहे," मी म्हटलं. "हिरवं पण काही रोज बंद पडत नाही. त्या दिवशी आपणच मधे हात घातला. आणि ते खरंच जास्त पळतं."

"घाटात पळतंय कोण?" आण्णा एकदम माझ्यावर डाफरले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "पळायला सांगितलंय का तुला? हळू जाऊ दे. दुसऱ्या गिअरवर जाऊ दे. पर मधी उभी ऱ्हायली न्हाई पायजे. एवढंच मागतोय मी. लई मागतोय काय?"

त्यांचा आवाज शेवटी फाटला. शेट्यांनी हिरवा खोका उचलून मागच्या फळीवर ठेवून दिला.

परतताना रिक्षात आण्णांनी लाल खोका मांडीवर धरला होता, दवाखान्यातून बाळ घरी आणावं तसा.

रविवारी सकाळी मी कार्ड बसवलं. काही करावंच लागलं नाही. कॉम्प्युटर चालू केला, सिस्टीमनं त्याला ओळखलं, संपलं. इरफानला मी बजावलं होतं की कीबोर्डपासून चार हात लांब बसायचं, आणि बिचारा खरंच दाराजवळच्या स्टुलावर हाताची घडी घालून बसला होता. आण्णा अंघोळ करून आले. अंगात खाकी शर्ट. तो बघून आईच्या हातातलं लसूण खाली पडलं.

डबल बेल तिनंच दिली. पातेलं आणि उलथनं ती आधीच घेऊन बसली होती.

कोल्हापूर मागं पडलं, ट्रॉली घुसली, बावडा आला. डोंगर जरा धुरकट दिसत होते आणि झाडांना पानं कमी होती. चहा झाला. बस घाटात उतरली. आण्णा दुसऱ्या गिअरवर, वळणाच्या आधी हॉर्न देत, एकेक कठडा मागं टाकत खाली चालले होते. बोलत मात्र नव्हते. मघापर्यंत नुसती टकळी चालली होती, ती बावड्यापासून बंद.

मारुतीच्या देवळाच्या पुढं एक वळण आहे. तिथं रस्ता जरा रुंद होतो. आण्णांनी वेग कमी केला. आणखी कमी केला. बस डावीकडं घेतली आणि उभी केली.

"काय झालं, आण्णा?" मी घाबरून उठले. "छातीत दुखतंय?"

"न्हाई गं." त्यांनी एक हात वर करून मला बसवलं. नजर पडद्यावरच होती. "हितंच घेतलेली मी गाडी बाजूला. त्या दिशी."

इतक्या महिन्यांत त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. आम्हाला फक्त दवाखान्यातलं माहीत होतं.

"सगळी माणसं खाली उतरवली सावंतानं, माझ्या कंडक्टरनं. मी छाती धरून ह्या चाकावर पडलेलो. एक म्हातारी हुती. पुढच्याच शिटावर, डिंकाच्या लाडवाचा डबा घिऊन. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली, कणकवलीला. उतरताना माझ्याजवळ आली. म्हणाली, 'बाबा, आता मी कशी जायची रं?'" आण्णा थांबले. "लेकीपाशी जायचं हुतं तिला. माझ्या गाडीत बसलेली. मला तोंडातनं शब्द फुटला न्हाई. मग जीप आली, मला घिऊन गेली. मी निघून आलो, सुले. माणसं रस्त्यावर टाकून आलो."

"अहो काका, दुसरी गाडी आली असेल की लगेच," इरफान दारातून म्हणाला.

"आली. सावंतानं सांगितलं मला. म्हातारी पोचली, लेकीला पोरगा झाला, सगळं सांगितलं." त्यांनी मान हलवली. "सावंतानं पोचवली. मी न्हाई. माझी गाडी अजून हितंच उभी हाय."

खोलीत फक्त इंजिनाची घरघर होती. दुकानातलं त्यांचं डाफरणं मला आठवलं. पानं, डोंगर, पळणं, आम्ही कसली कसली वकिली करत बसलो होतो.

"हे चालू ऱ्हाईल न्हवं?" आण्णांनी कॉम्प्युटरकडं बोट दाखवून विचारलं. "मधीच—"

"राहील, आण्णा."

तरी त्यांचा पाय हलेना. मी आईकडं बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. तिनं पातेलं छातीशी धरलं आणि उलथन्यानं दोन टोले दिले. ह्या वेळी जोरात नाही. चेष्टेत तर मुळीच नाही. टण्, टण्. खऱ्या कंडक्टरनं द्यावी तशी.

आण्णांनी उजवा दिवा दिला, आरशात बघितलं, आणि बस रस्त्यावर घेतली.

करूळ आलं, वैभववाडी आली. माडाची झाडं दिसायला लागली, तेव्हा आण्णांनी पुन्हा तोंड उघडलं. "हितल्या हॉटेलात उसळ झकास मिळती," म्हणाले. इरफाननं मोठ्यानं "व्हय काका?" केलं, आणि मग आण्णा थांबेचनात. कणकवलीचा स्टँड आला तेव्हा उन्हं खिडकीतून आमच्या फरशीवर आली होती. त्यांनी बस फलाटाला लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. खिशातून रुमाल काढून ते प्लॅस्टिकचं स्टिअरिंग वरपासून खालपर्यंत पुसलं.

मग मागं न वळताच म्हणाले, "उतरा, आजी. सावकाश. डबा धरा नीट. आलं लेकीचं गाव."

जरा वेळानं आण्णा खुर्चीत वळले. चेहरा ओला होता आणि मिशीखाली हसू होतं, लाजल्यासारखं. आईकडं बघून म्हणाले, "लई उशीर झाला, न्हवं?"

आईनं पातेलं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"हुंद्या की," ती म्हणाली. "पोचली न्हवं."